कळते, पण वळत नाही

रक्तदाबाची गोळी ही तशी अगदी साधी गोष्ट. आकाराने हरभऱ्याच्या डाळीएवढी, चव जवळजवळ नाहीच, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि बाहेर विकत घेतली तरी साध्या कंपनीची बहुतेकांना परवडते. रोज ठरल्या वेळी एक गोळी पाण्याबरोबर गिळायची, एवढेच काम. तरीसुद्धा तालुक्याच्या गावी इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर मला असे दिसते की, ज्यांना आज ही गोळी लिहून द्यावी त्यांतले पुढच्या दिवाळीपर्यंत ती नियमित घेणारे निम्मे तरी उरतात की नाही, शंकाच आहे. हा केवळ आपल्याकडचा अनुभव नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक मोठा अहवाल काढला होता. श्रीमंत, सुशिक्षित देशांतसुद्धा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत औषधे नीट घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्केच भरते आणि गरीब देशांत त्याहूनही कमी, असे त्यात म्हटले आहे.

याची किंमत काय मोजावी लागते ते सांगतो. गेल्या हंगामात ऊस तुटायच्या महिनाभर आधी एका शेतकऱ्याला त्याच्या भावांनी पहाटे जीपमधून माझ्याकडे आणले. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. झोपेतून उठताना उजवा हात आणि पाय लुळा पडलेला, वाचा बसलेली. रक्तदाब २१० वर १२०. पत्नीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. चार महिन्यांपूर्वी घेतलेली ती पट्टी, तिच्यातल्या सहाच गोळ्या संपलेल्या. “डॉक्टरसाहेब, त्यांना काही त्रासच नव्हता हो. बरं वाटतंय म्हणून सोडली,” असे त्या माउलीने सांगितले. जिल्ह्याच्या रुग्णालयात वेळेत पोचल्यामुळे जीव वाचला. पण आज तो माणूस काठी टेकत चालतो आणि मुलीचे नाव घ्यायचे तरी त्याला शब्द सापडत नाही.

आता यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या माणसाला रक्तदाबाची माहिती नव्हती असे मुळीच नाही. त्याचे वडील अर्धांगवायूनेच गेले होते. गोळी बंद केली तर काय होते हे त्याने घरात पाहिले होते. म्हणजे कळत होते, पण वळत नव्हते. आपल्या भाषेने दोन शब्दांत सांगून ठेवलेल्या या कोड्यामागे गेली काही दशके जगभरचे मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि चक्क अर्थशास्त्रज्ञही लागले आहेत. त्यांच्या हाती काय लागले, त्यातले आपल्या उपयोगाचे किती आणि कच्चे किती, हे आजच्या लेखात पाहू.

भीती घालून भागते का?

आम्हा डॉक्टरांचे नेहमीचे हत्यार म्हणजे भीती. “गोळी सोडलीस तर अर्धांग मारून जाईल,” असे आम्ही दरडावतो. घरची वडीलधारी मंडळीही तेच करतात. याचा कस पाहणारा एक जुना प्रयोग आहे. जुना असला तरी तो पुढच्या पुष्कळ संशोधनाचा पाया आहे, म्हणून आधी तोच सांगतो.

१९६५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देणाऱ्या पुस्तिका वाटल्या. काही पुस्तिका साध्या होत्या, तर काहींमध्ये अंगावर काटा येईल अशी वर्णने आणि चित्रे होती. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात लस फुकट मिळत होती. भयंकर पुस्तिका वाचणाऱ्यांना लस फार महत्त्वाची वाटू लागली, आपण ती घेणार असेही ते म्हणाले. पण प्रत्यक्षात जाऊन लस घेणारे निघाले सुमारे ३ टक्के! भीतीमुळे त्यांची मते तेवढी बदलली, पाय काही आरोग्य केंद्राकडे वळले नाहीत.

काही विद्यार्थ्यांना मात्र पुस्तिकेबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती. आवाराचा नकाशा, त्यावर आरोग्य केंद्राभोवती काढलेले वर्तुळ, आणि ‘तुमचे आठवड्याचे वेळापत्रक बघा व केव्हा जाता येईल ते ठरवा’ अशी सूचना. या विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस घेतली. गंमत म्हणजे हे सगळे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक असणार. नकाशाने त्यांना नवे काही सांगितले नाही. ‘केव्हातरी जाऊ’ याचे ‘मंगळवारी, दुपारच्या तासानंतर जाऊ’ असे झाले, एवढाच काय तो फरक.

पुढे पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हाच धागा धरून बरीच वर्षे काम केले. १९९९ साली त्यांनी मांडले की, नुसता संकल्प करणे आणि ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे ठरवणे, यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात ती वेळ किंवा ती जागा स्वतःच आठवण करून देते, मनाला वेगळी राखण करावी लागत नाही. ‘रोज गोळी घेईन’ हा झाला संकल्प. ‘सकाळचा चहा संपला की कपबशी मोरीत ठेवण्याआधी गोळी घेईन’ ही झाली योजना. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीची सूचनापत्रे पाठवली होती. ज्यांच्या पत्रात लस घेण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवायला रिकामी जागा होती, त्यांच्यात लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के झाले. ज्यांना साधे पत्र गेले त्यांच्यात ते ३३ टक्के होते. चार टक्क्यांचा फरक काही डोळे दिपवणारा नाही. पण त्यासाठी खर्च काय आला? कागदावर दोन रेघा जास्त छापल्या, बस्स.

माझ्या रुग्णांना मी आता ‘रोज घ्या’ एवढेच सांगून सोडत नाही. ‘सकाळी उठल्यावर पहिले काय करता?’ असे विचारतो. कोणी म्हणते चहा, कोणी देवपूजा, कोणी धार काढायला जातो. जे कधीच चुकत नाही, त्याला गोळी बांधून टाकायची. पूजा करणाऱ्याने पट्टी देवघराच्या फळीवर, समईच्या शेजारी ठेवावी. धार काढणाऱ्याने ती चरवीजवळच्या कोनाड्यात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी. कपाटात, चावीच्या आड ठेवलेली गोळी विसरली जाणारच.

एकवीस दिवसांची दंतकथा

‘एकवीस दिवस नेमाने करा, मग सवय लागते’ असे वाक्य आपण भिंतीवरच्या फलकांपासून व्याख्यानांपर्यंत सगळीकडे ऐकतो. याचे मूळ शोधत गेले तर मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपर्यंत पोचते. नाक-चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० च्या एका पुस्तकात नोंदवले होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द वाटेत कुठे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

प्रत्यक्षात हे मोजले लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी ९६ जणांना एक एक नवी गोष्ट निवडायला सांगितली. न्याहारीनंतर फळ खाणे, जेवणाबरोबर पाणी पिणे, संध्याकाळी थोडे पळणे, अशा या गोष्टी. बारा आठवडे रोजची नोंद ठेवली. ती गोष्ट विचार न करता, आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात? २०१० साली छापून आलेले उत्तर असे की, कोणाला १८ दिवस, तर कोणाला हिशेबाने २५४ दिवस लागतील. मधला आकडा ६६. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामासारखी उशिरा.

या अभ्यासातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचेच. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटेत फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. आमच्याकडे नेमके उलटे चालते. लग्नाला गेलो, गोळी घरी राहिली, दोन दिवस खाडा झाला. मग ‘आता मोडलेच आहे तर पुढच्या महिन्यापासून नीट सुरू करू’ असे माणूस म्हणतो. व्रत मोडल्यासारखे! गोळी म्हणजे व्रत नव्हे. काल चुकली तर आज नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. कालची भरपाई म्हणून दोन एकदम मात्र घेऊ नयेत. वारीला किंवा यात्रेला निघताना लागतील तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आधी पिशवीत टाकाव्यात, धोतर-लुगडे मागाहून.

उपवासाचे एक वेगळे प्रकरण आहे, त्याबद्दल इथेच सांगून टाकतो. चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात पुष्कळ जण रक्तदाबाची गोळी घेत नाहीत. ‘उपाशीपोटी औषध कसे घ्यायचे?’ असे विचारतात. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या पाण्याबरोबर उपाशीपोटी चालतात, तरी आपली कोणती आहे ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. मधुमेहाचे तसे नाही. त्यातल्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन कडक उपवास केला तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. तेव्हा मधुमेह्यांनी उपवासाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी आपल्या मनाने चालूही ठेवू नये आणि बंदही करू नये.

एक किलो डाळ

आता राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात जाऊ. आदिवासी, डोंगराळ मुलूख. तिथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रॅचेल ग्लेनर्स्टर आणि ध्रुव कोठारी यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर केलेला प्रयोग २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे वाचकांना आठवत असेल. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. म्हणजे निम्मे नोबेल तरी आपलेच, असे त्या वेळी आमच्या कट्ट्यावर ठरले होते.)

प्रश्न होता लहान मुलांच्या लसीकरणाचा. लस सरकारकडून फुकट, तरी १ ते ३ वर्षांच्या मुलांत सर्व लसी पूर्ण झालेली मुले अत्यंत कमी. याआधी त्याच जिल्ह्यात केलेल्या पाहणीत असे दिसले होते की, आरोग्य उपकेंद्रे उघडी असायला हवीत त्या वेळांपैकी निम्म्याहून अधिक वेळा बंदच असतात. मूल कडेवर घेऊन उन्हातून चार मैल चालत यावे आणि दाराला कुलूप पाहावे, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोण येईल?

संशोधकांनी १३४ गावांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटात जसे चालले होते तसेच चालू दिले. दुसऱ्या गटातील ३० गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी न चुकता लसीकरणाचे शिबिर भरवले. तिसऱ्या गटातील ३० गावांत तेच शिबिर, आणि शिवाय प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ. सगळ्या लसी पूर्ण झाल्या की जेवणाच्या थाळ्यांचा संच. डाळीची किंमत त्या वेळी ४० रुपयांच्या आसपास होती.

लसी पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ६ टक्के, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात ३९ टक्के भरले. आणि खर्च? डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च डाळ न वाटण्याच्या जवळजवळ निम्मा आला. कारण नर्सबाईंचा दिवसाचा पगार दहा मुले आली तरी तेवढाच आणि तीस आली तरी तेवढाच.

ही आकडेवारी मी अनेकांना सांगतो तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. “म्हणजे लोकांना लाच द्यायची? स्वतःच्या मुलाच्या भल्यासाठी?” हा राग मी समजू शकतो, पण तो चुकीच्या जागी आहे. त्या आयांचा लसीला विरोध असता तर किलोभर डाळीसाठी त्यांनी मुलाला सुई टोचू दिली नसती. शिबिर सुरू झाल्यावर नुसत्या शिबिराच्या गावांतही बाया पहिल्या एक-दोन लसींना येत होत्या, पुढे गळती होत होती. लसीचा फायदा काही वर्षांनी आणि तोही न दिसणारा, कारण न झालेला गोवर कोणाला दिसतो? तोटा मात्र आजचा आणि रोकडा. मजुरी बुडते, पोराला ताप येतो, रात्रभर ते रडते. डाळीमुळे आजच्या तोट्यासमोर आजचाच थोडा फायदा उभा राहतो. आमच्या रक्तदाबाच्या गोळीचे दुखणे हेच आहे. ती घेऊन आज काहीच ‘बरे’ वाटत नाही. उलट कोणाला लघवीला जास्त होते, कोणाच्या पायांवर सूज येते. न झालेला अर्धांगवायू कोणी पाहिला आहे?

‘फुकटचे औषध लोक फेकून देतात, थोडे पैसे घेतले की किंमत कळते’ हाही असाच एक पक्का समज. माझे व्यवसायबंधू तो फार ठामपणे मांडतात. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपास यांनी गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या देताना हे तपासले. काही दवाखान्यांत फुकट, काहींत वेगवेगळ्या सवलतीच्या किमतीला. किंमत शून्यावरून अमेरिकन साठ सेंटपर्यंत नेली तेवढ्याने घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आले. आणि घरी जाऊन पाहिले तर पैसे देऊन घेणाऱ्या बाया मच्छरदाणी जास्त वापरत होत्या असेही दिसले नाही. फुकट घेणाऱ्याही तितक्याच वापरत होत्या. हे संशोधनही २०१० चेच आहे.

उसाचे बिल आणि डोके

वर ज्या शेतकऱ्याची हकिगत सांगितली, त्याला झटका आला तो ऊस तुटायच्या आधीच्या महिन्यात. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झालेले एक संशोधन मला त्यामुळे फार जवळचे वाटते.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची आणि एकाग्रतेची परीक्षा दोनदा घेतली. एकदा तोडणीच्या आधी, हात कोरडे असताना. दुसऱ्यांदा बिल हाती आल्यावर. आपल्याकडच्याप्रमाणेच तिथेही उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तोडणीची पाळी कारखाना ठरवतो, त्यामुळे एकाच हंगामात कोणाचे बिल आधी, कोणाचे नंतर. तोडणीआधी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेले होते, तोडणीनंतर हे प्रमाण ४ टक्क्यांवर आले. आणि तोच माणूस, त्याच प्रकारच्या परीक्षेत, बिल मिळाल्यावर अधिक चांगले गुण मिळवत होता. हा निबंध २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते, मग बाकीच्या गोष्टींना ती उरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

हे सर्वांना पटले आहे असे नव्हे. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच परीक्षा घेणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात (२०१६) असा काही फरक आढळला नाही. पगार काय, पंधरा दिवसांनी येतोच. उसाच्या बिलाची वर्षभराची वाट आणि पंधरवड्याची वाट एकच कशी, असे मला वाटते. ओडिशात पत्रावळी लावणाऱ्या मजुरांवर पुढे झालेल्या प्रयोगाने पारडे पुन्हा पहिल्या बाजूला झुकले आहे. तिथे काही मजुरांना कमाईचा काही भाग ठरलेल्या दिवसाच्या आधीच दिला. रोख हाती आल्यावर ते जास्त पत्रावळ्या लावू लागले आणि चुकाही कमी करू लागले. जे जास्त गरीब होते, त्यांच्यात हा फरक अधिक दिसला.

डॉक्टर म्हणून यातून मी एवढेच घेतो की, ज्याचे डोके आधीच भरलेले आहे त्याच्यावर आणखी लक्षात ठेवायची कामे लादू नयेत. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळीऐवजी एकदा घ्यायची देता येत असेल तर ती द्यावी. दर आठ दिवसांनी हेलपाटा घालायला लावू नये. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात हेच सूत्र आहे. ठरावीक, सोपी औषधयोजना, एका वेळी किमान तीस दिवसांच्या गोळ्या, आणि घराजवळच्या उपकेंद्रातच तपासणी. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. घरच्यांनीही तंगीच्या महिन्यांत, मुलांच्या शाळेच्या फीच्या वेळी, पेरणीच्या वेळी गोळ्यांकडे स्वतःहून लक्ष ठेवावे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळी घेतली की फुली मारायचे काम नातवाकडे द्यावे. नातवंडे या बाबतीत आमच्यापेक्षा कडक असतात.

सगळेच खरे मानू नये

वाचकांनी या संशोधनाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, म्हणून थोडे कडूही सांगणे भाग आहे. २०१५ साली मानसशास्त्रातील नावाजलेल्या नियतकालिकांतले १०० प्रयोग वेगवेगळ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळच्या प्रयोगांपैकी ९७ टक्के ‘यशस्वी’ होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे निघाले. ‘लहान ताटलीत जेवा म्हणजे आपोआप कमी खाल’ या धर्तीचे सल्ले आपण वर्तमानपत्रांत वाचले असतील. खाण्याच्या सवयींवरच्या अशा संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक यांचे अनेक निबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. २०१८ साली विद्यापीठाच्या चौकशीत गैरप्रकार आढळले आणि त्यांनी राजीनामा दिला.

मग ‘छोट्या युक्त्या’ म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो, त्यांचा खरा परिणाम किती? २०२२ साली स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतील सरकारी कामांत वापरलेल्या १२६ प्रयोगांचा हिशेब मांडला. त्यांत २ कोटी ३० लाख माणसे होती. विद्वानांच्या नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी सुधारणा ८.७ टक्के दिसत होती, या मोठ्या हिशेबात ती भरली १.४ टक्के. जे साधले ते छापायचे आणि जे फसले ते खणात टाकायचे, ही विद्वानांचीही सवय, त्याचा हा परिणाम. तेव्हा चहाच्या कपाशी गोळी बांधल्याने सगळे प्रश्न सुटतील असे मी म्हणणार नाही. फुकटात होणारी गोष्ट आहे, करून पाहावी. उदयपूरच्या डाळीसारखे मोठे आकडे मात्र तिथेच येतात जिथे दार उघडे असते, नर्सबाई हजर असतात आणि आलेल्या माणसाचा दिवस फुकट जात नाही. हे काम युक्तीचे नाही, व्यवस्थेचे आहे.

आणखी एक कारण, जे कोणी बोलत नाही

गोळ्या सोडणाऱ्यांत काही जण असे असतात की त्यांनी जेवणही निम्मे सोडलेले असते. पहाटे तीनला जाग येते, कशात मन लागत नाही, ‘घेऊन तरी काय करायचंय’ असे पुटपुटतात. हा विसराळूपणा नव्हे आणि आळसही नव्हे. हे नैराश्य आहे, आणि तो आजार आहे. रॉबिन डिमॅटिओ आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून दाखवले की, नैराश्य असलेल्या रुग्णांत औषध-पथ्य न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते. अशा माणसाला रागावून, देवाची शपथ घालून किंवा कॅलेंडर दाखवून काही साधत नाही. आधी त्या नैराश्यावर उपचार हवेत.

‘मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. याचे एक उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडले आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. त्या देणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. तिथलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. पद्धतही साधी. ‘मन लागले की काम करीन’ असे रुग्ण म्हणतो, त्याला उलटीकडून सुरुवात करायला लावायची. आधी एखादे छोटे, पूर्वी आवडणारे काम ठरवून करायचे, मग मन हळूहळू मागून येते. कोणी परसात चार रोपे लावली, कोणी शेजारणीकडे बसायला गेले, असल्या गोष्टी. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले.

आणि अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांमुळे हा मुलूख साऱ्या देशाला माहीत झालेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली, गरज पडेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेले. कार्यक्रमाआधी नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी ४.३ टक्केच उपचारासाठी कोणाकडे गेले होते. दीड वर्षाने हा आकडा २७.२ टक्के झाला.

आपल्या घरात कोणी गेले दोन आठवडे वा अधिक असे उदास दिसत असेल, आणि गोळ्यांची पट्टी तशीच पडून असेल, तर पट्टीसकट त्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. रक्तदाबाबरोबर हेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करत असेल तर त्यांना एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.